विश्लेषण : त्रिशुळाला चौथा काटा फुटला आणि ४० कोटी वर्षांपूर्वीचं कोडं उलगडू लागलं; ‘परफेक्ट’ जीवाश्माचा हट्ट का सोडायला हवा?

मोरोक्कोच्या वाळवंटी डोंगरांत सापडणाऱ्या एका नामशेष समुद्री प्राण्याच्या डोक्यावर, अगदी समोर, चक्क त्रिशूळ असायचा. तो कशासाठी होता, यावर अभ्यासक बरीच वर्षं तर्क लढवत होते. सुबक, देखण्या नमुन्यांवरून उत्तर मिळत नव्हतं. अखेर सर्वात मोठा धागा दिला तो एका ‘बिघडलेल्या’ नमुन्यानं. त्याच्या त्रिशुळाला तीनऐवजी चार काटे होते.

ही गोष्ट विज्ञानाची आहे, तशी बाजाराचीही आहे. कारण हे जीवाश्म जगभर विकले जातात आणि गिऱ्हाइकाला हवा असतो तो निर्दोष तुकडा. माझ्या मते हा हट्टच आपल्याला अर्धी माहिती गमावायला लावतो. कसं, ते समजून घेऊया.

हा प्राणी नेमका कोण?

त्याचं नाव वॉलिसेरॉप्स. हे एका प्रजातीचं नाव आहे आणि तिच्यात अनेक जाती मोडतात. ओटो वॉलिसर या जर्मन जीवाश्मशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ हे नाव देण्यात आलं. फ्रेंच अभ्यासक पिएर मोर्झादेक यांनी २००१ मध्ये तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं.

वॉलिसेरॉप्स हा ट्रायलोबाइट. ट्रायलोबाइट म्हणजे संधिपाद प्राण्यांचा एक प्राचीन गट. कोळंबी, खेकडा, विंचू, भुंगा हे सगळे संधिपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांचे आणि अंगावर कडक कवच असलेले प्राणी. ट्रायलोबाइटचं शरीर लांबीच्या दिशेनं तीन पट्ट्यांत विभागलेलं दिसतं, म्हणून हे नाव. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी हा गट जीवाश्मांत दिसू लागतो आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात संपतो. म्हणजे डायनोसॉरचं राज्य सुरू होण्याआधीच यांचा खेळ आटोपला होता. या काळात त्यांच्या २० हजारांहून अधिक जाती होऊन गेल्या.

वॉलिसेरॉप्स त्यातला डेव्होनियन कालखंडातला, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा आजच्या मोरोक्कोचा तो भाग समुद्राखाली होता. प्राणी तळहातावर मावेल एवढाच. पण अंगभर काटे, काही जातींत डोळ्यांच्या वर शिंगासारखे वळलेले सुळे आणि डोक्याच्या पुढे आडवा निघालेला तीन टोकांचा त्रिशूळ. काही जातींत हा त्रिशूळ आखूड, तर काहींत लांब दांड्याचा.

आपल्याकडे ट्रायलोबाइट मिळत नाहीत का, असा प्रश्न पडेल. मिळतात, पण हिमालयात. हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यातले प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्राचा बहुतांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी झाकलेला आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळात कितीही हातोडे मारले, तरी ट्रायलोबाइट निघणार नाही.

त्रिशूळ कशासाठी? तीन शक्यता आणि त्यांच्या अडचणी

पहिली शक्यता शिकारीची. समोर भाला आहे, म्हणजे भक्ष्य टोचत असेल. पण या त्रिशुळाच्या मुळाशी सांधा नव्हता. तो डोक्याच्या कवचाचाच ताठ भाग होता. तो हलवायचा तर अख्खं शरीर हलवायला हवं. शिवाय ट्रायलोबाइटचं तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला. समजा भक्ष्य काट्यावर टोचलं, तर ते तिथून सोडवून तोंडापर्यंत आणायचं कसं? तिथवर पोहोचेल असा हात किंवा नांगी या प्राण्याला नव्हती. जेवणाचा काटा कपाळाला बांधून ताटावर बसल्यासारखा प्रकार.

दुसरी शक्यता बचावाची. पाठीवरच्या काट्यांसाठी हे पटण्यासारखं आहे. त्या समुद्रात जबडा असलेले मासे होते, माखल्यांचे प्राचीन नातलग होते. पण फक्त समोर रोखलेला त्रिशूळ वरून किंवा मागून आलेल्या हल्ल्यापुढे काय करणार?

तिसरी शक्यता चाचपणीची. म्हणजे तळातला चिखल उकरण्यासाठी किंवा आजूबाजूचा अंदाज घेण्यासाठी तो वापरला जात असेल. इथेही ताठपणाची अडचण येतेच. आणि एवढ्या कामासाठी एवढा अवाढव्य अवयव वागवायचा, प्रत्येक वेळी कात टाकताना तो जुन्या कवचातून सोडवायचा आणि नवा तयार करायचा, हा खर्च परवडणारा वाटत नाही.

चार काट्यांचा नमुना काय सांगतो?

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेचे अ‍ॅलन गिशलिक आणि लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचे रिचर्ड फॉर्टी यांनी ‘पीएनएएस’ या विज्ञान पत्रिकेत एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. फॉर्टी म्हणजे ट्रायलोबाइटवर आयुष्य घालवलेला माणूस. या दोघांच्या युक्तिवादाच्या केंद्रस्थानी होता अमेरिकेतल्या ह्यूस्टन म्युझियम ऑफ नॅचरल सायन्समधला एक नमुना. त्याच्या त्रिशुळाला चार टोकं होती.

हा नमुना पूर्ण वाढलेल्या प्राण्याचा होता. म्हणजे त्रिशुळात दोष असूनही तो खाऊन-पिऊन मोठा झाला, अनेकदा कात टाकली आणि प्रौढ वयापर्यंत पोहोचला. यावरून निष्कर्ष असा निघतो की पोट भरण्यासाठी किंवा रोजचा जीव वाचवण्यासाठी हा अवयव अत्यावश्यक नसावा. तसा असता, तर दोष असलेला प्राणी एवढा जगला नसता.

मग जगण्यासाठी गरजेचा नाही, तरीही एवढा मोठा आणि खर्चीक, असा अवयव कशासाठी असतो? निसर्गात त्याचं नेहमीचं उत्तर आहे जोडीदारासाठीची स्पर्धा. मोराचा पिसारा, काळविटाची शिंगं ही त्याचीच उदाहरणं.

दोघा अभ्यासकांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी त्रिशुळाच्या आकाराची तुलना शिंगवाल्या भुंग्यांच्या शिंगांशी केली. टोकं, खाचा, वळणं यांच्यावर ठरावीक बिंदू घ्यायचे आणि आकार गणितानं ताडून पाहायचे, अशी ही पद्धत. जपानमध्ये मुलं हौसेनं पाळतात तो शिंगवाला भुंगा इथे महत्त्वाचा ठरला. त्याचे नर प्रतिस्पर्ध्याच्या अंगाखाली शिंग घालतात, त्याला उचलतात आणि उलथवून टाकतात. वॉलिसेरॉप्सचा त्रिशूळ अशाच उचलून उलथवण्याच्या कामाला जुळणारा निघाला.

कोकणातल्या वाचकांना हे घराणं परकं नाही. नारळाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब कुरतडणारा गेंड्या भुंगा याच भुंग्यांच्या गटातला. बागायतदाराच्या लेखी तो शत्रू, पण त्याच्या डोक्यावरचं शिंग पाहिलं असेल तर ४० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावर काय चाललं असेल, याची थोडी कल्पना करता येते. दोन नर समोरासमोर, त्रिशूळ एकमेकांत अडकलेले, ज्याला दुसऱ्याला उलटं पाडता येईल तो जिंकला.

हा अंदाज बरोबर असेल, तर जोडीदारासाठी शस्त्र घेऊन झुंजण्याचा हा सर्वात जुना ज्ञात पुरावा ठरतो. अर्थात झुंज कोणी पाहिलेली नाही. आकार, दोष आणि तुलना यांवरून बांधलेला हा तर्क आहे. पण आधीच्या तिन्ही शक्यतांपेक्षा तो जास्त भक्कम उभा राहतो.

बिघडलेल्या तुकड्याची किंमत

मी इंजिनिअरिंग शिकलो. लॅबमध्ये लोखंडाची कांडी मशिनमध्ये धरून ती तुटेपर्यंत ताणायचो. सर चांगल्या कांड्या बाजूला ठेवायचे आणि तुटलेल्या कांडीचं तोंड आधी बघायला सांगायचे. धातू कसा तुटला, यावरून तो कसा होता हे कळतं. गाडीचा एखादा पार्ट निकामी झाला आणि गाडी तरीही चालली, तर तो पार्ट चालण्यासाठी नव्हता, एवढं तरी पक्कं होतं.

चार काट्यांचा वॉलिसेरॉप्स म्हणजे निसर्गानं आपल्यासाठी करून ठेवलेली अशीच एक चाचणी. तीन काट्यांचे सुबक नमुने ‘त्रिशूळ कसा दिसायचा’ एवढंच सांगतात. ‘तो नसता किंवा बिघडला असता तर काय झालं असतं’, हे फक्त बिघडलेला नमुना सांगू शकतो.

आता हाच नमुना बाजाराच्या नजरेनं पाहा.

दगडातून दिवाणखान्यात : बाजार कसा चालतो?

मोरोक्कोच्या आग्नेय भागात अल्निफ, एरफूद, रिसानी ही गावं जीवाश्मांच्या धंद्यासाठी जगभर ओळखली जातात. आजूबाजूच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर स्थानिक माणसं हातोडा-छिन्नीनं लांबच लांब चर खणतात. दगड फोडत जायचं आणि फुटलेल्या कडेवर कवचाची काळपट रेघ दिसते का ते पाहायचं. रेघ दिसली की तुकडे जपून ठेवायचे, परत चिकटवायचे आणि कारागिराकडे द्यायचे.

कारागीर सूक्ष्मदर्शकाखाली बसून हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेनासारख्या हत्यारानं दगड कणाकणानं उडवतो. शेवटचा हात सँडब्लास्टिंगसारख्या यंत्राचा. त्यातून बारीक पावडर फवारून काट्यांभोवतीचा दगड काढला जातो. वॉलिसेरॉप्ससारख्या काटेरी प्राण्याचा एक नमुना मोकळा करायला कित्येक दिवस जातात. हे काम पाहिलं तर नमस्कार करावासा वाटतो.

पण याच टप्प्यावर मोह सुरू होतो. एखादा काटा मोडलेला असतो. तो रेझिननं नवा बनवता येतो. अर्धं शेपूट नसतं, दुसऱ्या नमुन्याचं लावता येतं. पुढची पायरी म्हणजे साचा करून अख्खा ट्रायलोबाइटच रेझिनमध्ये ओतायचा आणि खऱ्या दगडावर चिकटवायचा. मोरोक्कोतून येणाऱ्या मालात असे बनावट नमुने भरपूर असतात, हे संग्राहकांनाही माहीत आहे.

अशा कारागिरासमोर चार काट्यांचा त्रिशूळ आला, असं समजा. गिऱ्हाईक ‘त्रिशूळवाला’ मागतंय. कॅटलॉगमधल्या फोटोत तीन काटे आहेत. एक काटा घासून टाकायला किती वेळ लागेल? किंवा उलट, विचित्र म्हणून त्याला जास्त भाव मिळेल आणि तो कुणा श्रीमंताच्या कपाटात कायमचा जाईल. दोन्हीकडून विज्ञानाचं नुकसान सारखंच. ह्यूस्टनचा नमुना घासला गेला नाही आणि सार्वजनिक संग्रहात पोहोचला, म्हणून आज आपण हा लेख वाचतोय. असे किती घासले गेले असतील, हे मोजायचा मार्गच नाही.

आणि मादी कुठे आहे?

त्रिशूळ नरांच्या झुंजीसाठी असेल, तर पुढचा प्रश्न सरळ आहे. माद्यांना तो नसावा किंवा फार लहान असावा. मग त्या कुठे आहेत?

एक शक्यता अशी की त्या सापडलेल्याच आहेत, पण वेगळ्याच नावानं नोंदल्या गेल्या आहेत. नर-मादी इतके वेगळे दिसले, तर दगडात सापडलेल्या कवचांवरून त्यांना दोन जाती समजणं सहज शक्य आहे.

हे तपासायचं कसं? एकाच डोंगरातले, एकाच थरातले त्रिशूळवाले आणि बिनत्रिशुळाचे नातलग शेजारी ठेवून. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, साधे दिसणारे नमुनेही जपलेले हवेत. दुसरी, कोणता तुकडा नेमका कुठल्या थरातून आला याची नोंद हवी. बाजार दोन्ही बाबतींत आंधळा आहे. साध्या नमुन्याला भाव नाही, म्हणून त्यावर कोणी दिवस घालवत नाही. आणि लेबलवर फक्त ‘मोरोक्को, डेव्होनियन’ एवढंच लिहिलेलं असतं.

पत्ता हरवलेला दगड काय करू शकतो?

हे भारतानं चांगलंच भोगलंय. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांनी दोन दशकांहून अधिक काळ हिमालयातल्या जीवाश्मांवर शेकडो निबंध प्रसिद्ध केले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन टॅलंट यांनी ‘नेचर’ या पत्रिकेत जाहीरपणे आक्षेप घेतला. हिमालयातले म्हणून दाखवलेले काही अमोनाइटसारखे जीवाश्म मोरोक्कोतल्या नमुन्यांशी तंतोतंत जुळत होते, तसे नमुने पॅरिसच्या दुकानांत सहज विकत मिळत होते. पुढे विद्यापीठाच्या चौकशीत गुप्ता दोषी ठरले.

हिमालयाच्या भूगर्भ इतिहासाची मांडणी करताना त्या निबंधांचा आधार घेणाऱ्या कित्येक प्रामाणिक अभ्यासकांचं काम त्यामुळे संशयाच्या सावटात आलं. दगड खरे होते, खोटा होता तो त्यांचा पत्ता. जीवाश्मापासून त्याची जागा तोडली की त्याच्या नावावर कोणतीही गोष्ट खपवता येते.

मग बाजार बंदच करावा का?

असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मला ते पटत नाही.

एक तर अल्निफ परिसरात शेती बेभरवशाची. हजारो लोकांची चूल या दगडांवर पेटते. उन्हात चर खणणाऱ्याला त्या नमुन्याच्या अंतिम किमतीतला छोटासा वाटा मिळतो, हा अन्याय वेगळाच. पण त्याचं उत्तर त्याची कुदळ काढून घेणं हे नाही.

दुसरं म्हणजे ही माणसं नसती, तर विज्ञानाला हे जीवाश्म दिसलेच नसते. मोहम्मद ‘ऊ सईद’ बेन मौला यांचं उदाहरण घ्या. हे झागोरा भागातले स्थानिक संग्राहक. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मऊ शरीराच्या प्राण्यांचे अत्यंत दुर्मिळ ठसे आहेत, हे त्यांच्या नजरेनं टिपलं आणि त्यांनी ते संशोधकांना दाखवलं. तो फेझुआटाचा जीवाश्मसाठा आज जगप्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये तिथल्या सुमारे दोन मीटर लांबीच्या एका संधिपाद प्राण्याचं वर्णन ‘नेचर’मध्ये आलं, तेव्हा त्याला ‘एजिरोकॅसिस बेनमौलाई’ असं त्यांचंच नाव देण्यात आलं.

म्हणजे खणणारा माणूस विज्ञानाचा शत्रू नाही. त्याला कशाचे पैसे मिळतात, हा खरा प्रश्न आहे. आज पैसे मिळतात ते सुबकपणाचे. नोंदीचे मिळत नाहीत, साध्या नमुन्याचे मिळत नाहीत आणि दोष जसाच्या तसा ठेवण्याचे तर नाहीतच. श्रीमंत देशांतली संग्रहालयं आणि संग्राहक हे बदलू शकतात. कुठल्या डोंगराच्या कुठल्या चरातून नमुना आला याची नोंद असेल तर जास्त दर द्या. कुठे काय चिकटवलं, कुठे रेझिन भरलं हे लिहून मागा. आणि अशा संग्रहातला एक भाग मोरोक्कोतच, तिथल्या विद्यापीठांत आणि संग्रहालयांत राहील, याची सोय करा. चार काट्यांचा त्रिशूळ बघायला मोरोक्कोच्या विद्यार्थ्याला टेक्सासपर्यंत जावं लागावं, हे काही शोभणारं नाही.

तुम्ही विकत घेणार असाल तर...

ट्रायलोबाइट ऑनलाइन सहज मिळतात आणि हौसेला मोल नसतं. पण पैसे पाठवण्याआधी एवढं पाहा :

– दगड फोडूनच हे जीवाश्म सापडतात. त्यामुळे खऱ्या नमुन्यात दगड आणि कवच दोन्हींतून गेलेली, चिकटवलेली भेग बहुतेक वेळा दिसते. भेगच नसेल तर शंका घ्या.

– भिंगातून पाहा. कवचावर सुईच्या टोकाएवढी गोल भोकं दिसली, तर ते ओतकामातले हवेचे बुडबुडे असू शकतात.

– मोठ्या डोळ्यांच्या जातींत डोळ्यांची वेगवेगळी भिंगं स्पष्ट दिसतात. साच्यातल्या मालात तिथे अनेकदा गुळगुळीत गोळा असतो.

– अतिनील टॉर्चखाली डिंक आणि रेझिन अनेकदा दगडापेक्षा वेगळे चमकतात.

– एकाच विक्रेत्याकडे हुबेहूब सारखे, सारख्याच वळणाचे दोन नमुने दिसले, तर दोन्ही सोडून द्या.

आणि शेवटचा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा : यात काय दुरुस्त केलंय? ‘काहीच नाही, एकदम परफेक्ट आहे’ असं उत्तर आलं, तर सावध व्हा. एखादा काटा मोडका आहे, एक भाग मिळालाच नाही आणि नमुना अमुक डोंगराच्या अमुक थरातला आहे, असं सांगणारा विक्रेता भेटला, तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. त्या मोडक्या तुकड्यातून उद्या कुणाला काहीतरी कळू शकेल.